शिडाच्या बोटीसाठी तयार झेंडा-संच: काय घ्यावं, काय बदलावं, काय परत पाठवावं

‘यॉट फ्लॅग सेट’ या नावाने विकली जाणारी पिशवी उघडली की डोळे दिपतात. संदेश देणारे कोड फ्लॅग चाळीस, वर दोन-तीन देशांचे झेंडे, एक काठी, थोडी दोरी. बोटीवर मात्र बारमाही लागणारे झेंडे चार-पाचच: मागचं निशाण, क्लबचा बर्जी (छोटा तिकोनी झेंडा), परदेशातून आल्यावर लावायचा पिवळा क्यू, ज्या देशात पाहुणे म्हणून जाल त्या देशाचा कर्टसी फ्लॅग. अशा बहुतेक संचांत नेमके हेच चार-पाच कच्चे असतात. कापड बरं असतं, शिवणही चालून जाते. घोळ असतो तो काठीकडच्या बाजूला. दोरी, टॉगल (दोरीच्या फासात अडकवायची लाकडी खुंटी), कड्या, क्लिपा. बोटीवरचा झेंडा क्वचित मधोमध फाटतो, तो बहुधा तिथूनच सुटतो.

आपल्याकडे मिळणारा माल ढोबळमानाने तीन प्रकारचा आहे. पहिला, ऑनलाइन मिळणारा छापील पॉलिएस्टरचा संच. दुसरा, विणलेल्या पॉलिएस्टरचे पट्टे जोडून शिवलेला ब्रिटिश धाटणीचा झेंडा. हा सुटा मिळतो किंवा मागणीनुसार शिवून मिळतो. तिसरा, खादीचा. परीक्षण या तिन्हींचं आहे, आणि बोट ८ ते १२ मीटर लांबीची धरली आहे.

आधी बघा: निशाण कोणतं दिलंय?

‘इंडिया’ असं लिहिलेल्या पाकिटात दहापैकी नऊ वेळा नुसता तिरंगा निघतो. बोटीच्या मागे लावायचं भारतीय नागरी निशाण वेगळं आहे: लाल कापड आणि काठीकडच्या वरच्या चतकोरात तिरंगा. मुंबई बंदरात नजर फिरवली तरी फरक कळतो. व्यापारी जहाजामागे लाल, नौदलाच्या जहाजामागे पांढरं, तटरक्षक दलाच्या मागे निळं, आणि तिन्हींच्या कोपऱ्यात तिरंगा. नौदलाचं पांढरं निशाण २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत, विक्रांत नौदलात दाखल होताना बदललं. शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन त्यात आला. त्यामुळे जुना साठा खपवणाऱ्या दुकानात आजही क्रॉसवालं पांढरं निशाण दिसतं. ते खासगी बोटीला कोणत्याच काळात चालत नव्हतं, तेव्हा ‘क्लासिक’ म्हणून गळ्यात मारलं तरी घेऊ नका.

नुसता तिरंगा नौदलाच्या जहाजावर असतो, पण नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) काठीवर आणि बंदरात असताना. खासगी शिडाच्या बोटीला नाळेवर काठीच नसते. तिरंगा लावायचाच असेल तर २००२ ची भारतीय ध्वजसंहिता आणि १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा लागू होतो. बोटवाल्यांच्या कामाच्या अटी अशा: तिरंगा पाण्यात लोळता कामा नये, बोटीच्या टपावर, बाजूंवर किंवा मागे तो पांघरूण म्हणून घालायचा नाही, फाटका-चुरगळलेला लावायचा नाही, त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा नको, त्याच काठीवर दुसरा झेंडा तर नकोच.

उंचीची अट आपल्या किनाऱ्यावर फार वेळा मोडते. डोलकाठीच्या टोकाला भगवा आणि मागच्या काठीवर तिरंगा, ही जोडी हौसेने लावली जाते आणि संहितेत बसत नाही. मागे लाल निशाण असेल तर प्रश्न वेगळा. समुद्री रिवाजात मानाची जागा बोटीच्या मागच्या टोकाची. तिथलं निशाण डोलकाठीच्या टोकापेक्षा खाली असूनही पहिलं धरलं जातं. भगवा मग खासगी झेंडा म्हणून डाव्या स्प्रेडरखाली (डोलकाठीला आडव्या फुटलेल्या दांडीखाली) लावा. तिथे तो दिसतोही छान.

परदेशात बोट भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मागचं निशाण बोटीच्या नोंदणीचं असतं, बोटीवरच्या माणसांच्या पासपोर्टचं नव्हे. ग्रीसमध्ये ग्रीक नोंदणीची बोट घेतली तर मागे ग्रीक निशाणच राहणार, आणि कर्टसी फ्लॅग लागतच नाही. सोबत नेलेला छोटा तिरंगा डाव्या स्प्रेडरखाली लावायचा रिवाज आहे. तो मागच्या काठीवर चढवला की बंदर अधिकारी कागद मागायला येणार, हे गृहीत धरा.

माप आणि चक्र

निशाणाचा जुना हिशेब असा: बोटीच्या दर फुटामागे लांबीला एक इंच. १० मीटरची बोट म्हणजे ३३ फूट, म्हणजे ३३ इंच, म्हणजे ८४ सेंमी. जवळचं तयार माप ९०×६०. ८ मीटरच्या बोटीला ६०×४० पुरतं. १२ मीटरला ९०×६० चालतं, फक्त लांबून जरा किरकोळ दिसतं. संचात मात्र सगळ्यांना सरसकट ४५×३० चं निशाण देतात. ते कर्टसी फ्लॅगचं माप झालं. मागच्या काठीवर ते खेळण्यातलं वाटतं.

भारतीय निशाण ३:२ प्रमाणात असतं, ब्रिटिश लाल निशाण २:१. ब्रिटिश साच्यावर कापलेलं भारतीय निशाण लांबट येतं आणि कोपऱ्यातला तिरंगाही ताणला जातो. टेप घेऊन मोजा: ९० सेंमी लांबीला ६० रुंदी हवी, ४५ भरली तर परत पाठवा.

९०×६० च्या निशाणातला तिरंगा बरोबर ४५×३० चा असतो, आणि ४५०×३०० मिलिमीटर हे राष्ट्रध्वजाच्या ठरलेल्या मापांपैकीच एक आहे. त्या मापाला चक्राचा व्यास ९० मिमी. पांढरा पट्टा १०० मिमीचा, म्हणजे वर-खाली ५-५ मिमी पांढरं उरतं. ४५×३० च्या छोट्या निशाणात तिरंगा २२५×१५० मिमी आणि चक्र ४० मिमी. हेही ठरलेलंच माप. स्वस्त छपाईत चक्रातले आरे कमी करून टाकतात, कारण ४० मिमीत चोवीस आरे छापले की आसाजवळ शाई एकमेकींत मिसळते. आरे मोजाच. वीस आऱ्यांचं चक्र असलेला माल बाजारात आहे.

उलट बाजूही बघा. एका बाजूने छापलेल्या कापडात रंग आरपार उतरायला हवा. मागून फिकट दिसणारं निशाण उन्हात ठेवलं तर हंगाम संपायच्या आत मागची बाजू विटकी पडते.

कापड

छापील संचांचं कापड बहुधा चौरस मीटरला ११० ग्रॅमच्या आसपासचं, सुईविणीचं पॉलिएस्टर असतं. शिवलेल्या झेंड्याचं कापड आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेलं, १५५ ग्रॅमच्या घरातलं. ९०×६० चा झेंडा पहिल्या कापडात साधारण ६० ग्रॅम भरतो, दुसऱ्यात ८५. हा फरक वाऱ्यात कळतो. मुंबईत सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारनंतर वायव्येकडून भरतो. सकाळच्या मंद वाऱ्यात हलकं कापड फुलतं, जड कापड काठीला चिकटून पडतं. दुपारी उलटं: हलकं कापड फटाफट आपटत राहतं आणि फडफडत्या टोकाची दुमड आधी उसवते. सुईविणीच्या कापडाचा एक धागा तुटला की जिन्यासारखी चीर वर चढत जाते. विणलेल्या कापडात चीर जिथल्या तिथे थांबते.

आमची पसंती विणलेल्या कापडाला आहे, पण एका अटीवर. फडफडत्या टोकाला किमान तीन, शक्यतो चार ओळी शिलाई हवी आणि दोन्ही कोपऱ्यांत तिरकं ठिगळ हवं. दोन ओळींची दुमड असेल तर जड कापडाचे पैसे पाण्यात गेले.

नायलॉन हलकं, पटकन वाळणारं, मंद वाऱ्यात सुरेख फुलणारं. आपल्या उन्हात मात्र ते सगळ्यांत आधी कुजतं. तीन-चार दिवसांच्या शर्यतींपुरतं ठीक.

खादीचा विषय नाजूक आहे. हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्या नांदेडला बनणारा खादीचा तिरंगा शिवणीत आणि रंगात या सगळ्या मालापेक्षा वरचढ आहे. पण सुती कापड समुद्रावर खाऱ्या दमटपणाने जड होतं, वाळत नाही आणि लॉकरमध्ये ठेवलं की बुरशीचे काळे ठिपके धरतं. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर बनलेला पॉलिएस्टरचा तिरंगाही संहितेत बसतो, त्यामुळे बोटीवर खादीचाच हट्ट धरायचं कारण उरलेलं नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला क्लबच्या आवारातल्या खांबासाठी खादी, बोटीसाठी पॉलिएस्टर.

रंगांत सगळ्यांत लवकर उडतो तो लाल. निशाणाचा बहुतेक भाग लालच, म्हणून हा खर्च धरून चाला: उन्हात रोज लावलेलं निशाण एका हंगामात विटकरी आणि मग गुलाबीकडे झुकतं. त्याआधीचा धोका रंग लागण्याचा. पहिल्याच भिजण्यात लाल रंग शेजारच्या तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरला, तर तो डाग जात नाही. पाकीट फोडल्यावर पांढरा रुमाल ओला करून लाल भागावर दहा-बारा वेळा घासा. रुमाल गुलाबी झाला की झेंडा घडी घालून परत.

काठीकडची बाजू

झेंडा दोरीला जोडायच्या तीन तऱ्हा आहेत आणि संचाची खरी परीक्षा इथे होते.

*पितळी कड्या.* अमेरिकी धाटणी. काठीच्या पट्टीत वर-खाली एकेक कडी, तिच्यातून दोरी. सोपं आणि स्वस्त. कडीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते पितळ नसून मुलामा दिलेलं लोखंड आहे, आणि पंधरवड्यात गंजाचा ओघळ थेट केशरी पट्ट्यावर येतो. कडी नुसत्या दोन पदरी कापडात ठोकलेली असेल तर जोराच्या वाऱ्यात कापडासकट उपटून येते. पट्टीच्या आत जाड वेबिंग (पट्ट्यासारखी घट्ट विणलेली फीत) हवं. दोन बोटांत दाबलं की ते आहे की नाही ते कळतं.

*टॉगल.* ब्रिटिश धाटणी, आणि निशाणासाठी आमच्या मते सगळ्यांत भरवशाची. काठीच्या बाजूच्या नळीतून दोरी गेलेली असते. वरच्या टोकाला लाकडी टॉगल, खालच्या टोकाला मोकळं शेपूट. हॅलयार्डच्या (झेंडा चढवायच्या दोरीच्या) वरच्या टोकाच्या फासात टॉगल आडवा घालायचा, खालचं शेपूट शीट बेंड गाठीने बांधायचं. टॉगल कायम वर, त्यामुळे अंधारात किंवा घाईत झेंडा उलटा चढत नाही. उलट्या निशाणाकडे संकटाची खूण म्हणूनही बघितलं जातं. शिवाय आपल्या तिरंग्यात केशरी खाली गेला की कायद्याचा प्रश्न.

टॉगल हातात घेऊन बघा. चांगल्या टॉगलच्या कमरेला गोल खाच असते आणि दोरीचा फास त्या खाचेत आवळून बसतो. स्वस्त टॉगलला मधोमध आरपार भोक पाडतात. लाकूड भिजलं, फुगलं, वाळलं की त्या भोकापासून उभं चिरतं, आणि अर्धा टॉगल वर, झेंडा समुद्रात. दोरीचा फास स्प्लाइस केलेला, म्हणजे दोरीचे पदर दोरीतच गुंफून केलेला हवा. नुसती गाठ मारून टोक जाळलेलं असेल तर ते शेवटी निसटणारच. खालचं शेपूट किमान ३० सेंमी हवं. संचांत बोटभर शेपूट येतं, त्यात गाठच बसत नाही.

शेवटची बाब नळीच्या आतली दोरी. ती वर आणि खाली, दोन्हीकडे कापडाला टाचलेली हवी. झेंड्याचा ताण दोरीने घ्यायचा असतो, कापडाने नव्हे. टाचलेली नसेल तर कापड दोरीवर सरकून वर गोळा होतं आणि झेंडा अर्धा वळकटी झालेला दिसतो.

*इंगलफील्ड क्लिपा.* ब्रिटिश नौदलातल्या एका अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडी म्हणजे तिरकी फट असलेल्या दोन कड्या. दोन्ही एकमेकींना काटकोनात धरून फटीतून सरकवल्या की अडकतात, आणि ताण असेपर्यंत सुटत नाहीत. भराभर झेंडे बदलायचे असतील, म्हणजे कोड फ्लॅग किंवा क्यू उतरवून कर्टसी चढवायचा असेल, तर याला तोड नाही. प्लॅस्टिकच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ होऊन फटीजवळच तुटतात. ब्राँझच्या वर्षानुवर्षं टिकतात. दुसरी अडचण अशी की एका कारखान्याची क्लिप दुसऱ्याच्या क्लिपेत नीट बसेलच असं नाही. त्यामुळे सुटा झेंडा घेताना हॅलयार्डवरची एक क्लिप खिशात घालून न्या. जोडीतल्या एका क्लिपेला फिरकी हवी, नाहीतर दोन दिवसांत दोरीला पीळ बसतो आणि झेंडा तिच्याभोवती गुंडाळला जातो.

छापील संचात एकाच पिशवीत कड्यांचे, क्लिपांचे आणि नुसत्या सुतळीचे असे तिन्ही तऱ्हांचे झेंडे निघतात. हॅलयार्ड मात्र एकाच तऱ्हेचा असतो. मग सुरू होते नाडी बांधण्याची कसरत, पुढे स्प्रेडरच्या टोकाला सुटलेली नाडी, आणि क्यू झेंडा एका कोपऱ्यावर लटकलेला.

काठी आणि सॉकेट

९०×६० च्या निशाणाला १२० सेंमीची काठी लागते. संचात बहुधा ९० ची येते. वारा पडल्यावर झेंड्याचा खालचा कोपरा वरच्या टोकापासून कर्णाइतका, म्हणजे १०८ सेंमी खाली लोंबतो. १२० सेंमीची काठी ८ सेंमी सॉकेटमध्ये (काठी बसवायच्या नळकांड्यात) गेली, झेंडा टोकाखाली ५ सेंमीवर बांधला आणि काठी ३० अंश मागे कलली, तर तो कोपरा सॉकेटच्या पातळीखाली १५ सेंमी येतो. ४५ अंश कललेल्या सॉकेटमध्ये हाच कोपरा ३२ सेंमी खाली. सॉकेट मागच्या रेलिंगवर, पाण्यापासून मीटरभर उंच असेल तर काळजी नाही. पोहण्याच्या शिडीजवळ, पाण्यापासून ४० सेंमीवर असेल तर शेजारून जाणाऱ्या लाँचच्या लाटेने निशाण भिजणार. सॉकेट वर न्या किंवा कोन कमी करा.

काठी मधोमध नको, किंचित उजवीकडे हवी. मध्ये बॅकस्टे (डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार) असतो आणि निशाण त्याला घासून चिरतं. दोन डोलकाठ्यांच्या बोटीवर मागच्या डोलकाठीच्या टोकाला निशाण लावता येतं, तिथे काठीच लागत नाही.

सॉकेटचा आतला व्यास आणि काठीचा व्यास जुळतो का बघा. २५ मिमीच्या सॉकेटमध्ये २५ मिमीची वॉर्निश केलेली काठी पहिल्या दिवशी बसते आणि लाकूड फुगल्यावर निघत नाही. मिलिमीटरभर मोकळी हवी, वर आवळायला स्टेनलेसचा स्क्रू, आणि काठीच्या बुंध्यापासून रेलिंगला बांधलेली एक बारीक दोरी. ही दोरी कुठल्याच संचात नसते. मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) काठीला अडकून काठी उपटते तेव्हा ही बारीक दोरी नसल्याचं कळतं.

स्प्रेडरखालची दोरी, क्यू आणि कर्टसी

उजव्या स्प्रेडरखाली छोटा ब्लॉक (कप्पी), त्यातून ४ मिमीची वेणीची पॉलिएस्टर दोरी, आणि ती वर-खाली अखंड फिरणारी. स्प्रेडर डेकपासून ६.५ मीटरवर असेल तर दुप्पट अधिक दीड, म्हणजे साडेचौदा मीटर दोरी. संचातली दोरी मोजूनच घ्या. ३ मिमीची देतात, ती हाताला कापते आणि क्लीटवर (दोरी अडकवायच्या खुंटीवर) घसरते. नायलॉनची असेल तर ओली झाल्यावर सैल पडते आणि रात्रभर डोलकाठीवर टकटक करते. ब्लॉक स्प्रेडरच्या अगदी टोकाला लावला तर झेंडा श्राउडला (डोलकाठीच्या बाजूच्या तारेला) घासतो; थोडा आत घ्या.

कर्टसी फ्लॅग याच उजव्या दोरीवर, आणि त्याच्या वर त्या दोरीवर काहीही नाही. बर्जी तिथे लावत असाल तर तो डावीकडे हलवा किंवा डोलकाठीच्या टोकाला न्या. १० ते १२ मीटरच्या बोटीला ४५×३० चा पुरतो. देशाचं नाव वाचून पाकीट उचलू नका. ब्रिटनसाठी लाल निशाण लागतं. युनियन जॅक खासगी बोटीवर लावणं तिथे बेकायदा आहे. श्रीलंकेलाही लाल निशाण, कोपऱ्यात सिंहाचा राष्ट्रध्वज. परदेशी बोट आपल्याकडे आली तर तिच्या उजव्या स्प्रेडरखालीही लालच हवं. बाहेरची दुकानं सर्रास तिरंगा देतात. मुंबई ते गोवा जाताना यातलं काहीच लागत नाही.

क्यू म्हणजे नुसता पिवळा चौकोन: ‘बोटीवर सगळे निरोगी आहेत, बंदरात यायची परवानगी द्या.’ दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत, १२ सागरी मैलांच्या आत शिरलं की तो चढवायचा आणि कस्टम्स, इमिग्रेशन उरकलं की उतरवायचा. मालदीव किंवा श्रीलंकेहून परतताना आपल्या बोटीलाही तो लागतो. काही पाकिटांत ‘क्वारंटाइन’ म्हणून पिवळे-काळे चार चौकोन असलेला एल झेंडा भरलेला असतो. बंदरात एलचा अर्थ ‘ही बोट विलग ठेवलेली आहे’ असा होतो, म्हणजे क्यूच्या नेमका उलट. पाकिटावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, झेंडा उघडून बघा.

चाळीस कोड फ्लॅग घ्यावेत का?

अक्षरांचे २६, आकड्यांचे १० पेनंट (निमुळते झेंडे), आधीच्या झेंड्याची पुनरुक्ती दाखवणारे ३ सब्स्टिट्यूट आणि एक उत्तराचा पेनंट, असे ४०. शर्यती घेणाऱ्या क्लबला पूर्ण संच लागतो. खासगी बोटीला क्यू, संकटासाठी एन आणि सी, आणि पाणबुडे उतरवत असाल तर ए एवढे पुरेत. मालवण-तारकर्लीकडे बोट नेणाऱ्यांनी ए नक्की घ्यावा, पण कापडाचा नको. वारा पडला की तो गुंडाळतो आणि नेमका तेव्हाच दिसायला हवा असतो. निळ्या-पांढऱ्या पत्र्याचा किंवा कडक प्लॅस्टिकचा घ्या. लाल चौकोनावर तिरका पांढरा पट्टा असलेला अमेरिकी झेंडा आंतरराष्ट्रीय कोडमध्ये नाही.

पूर्ण संच घेण्याचं दुसरं कारण म्हणजे सणाच्या दिवशी बोट सजवणं. इथे हिशेब चुकतो. १० मीटरची बोट, डेकपासून १३ मीटर डोलकाठी: नाळेपासून टोकापर्यंत साडेतेरा मीटर आणि टोकापासून मागपर्यंत सव्वाचौदा. एकूण जवळपास २८ मीटर. ३० सेंमी रुंदीचे ४० झेंडे क्लिपांनी जोडले तर जेमतेम १५ मीटर भरतात. अर्धी बोट उघडी. म्हणजे झेंड्यांमध्ये ३०–३५ सेंमीची दोरी घालावी लागते किंवा बराच मोठ्या मापाचा संच घ्यावा लागतो, आणि मोठ्या संचाला लॉकरमध्ये जागा नसते. झेंडे मनाने लावायचे नाहीत. ब्रिटिश क्रम नाळेकडून ई, क्यू, पेनंट ३, जी, पेनंट ८, झेड असा सुरू होतो, म्हणजे कुठलाही शब्द तयार होत नाही. माळेत कोणत्याही देशाचा झेंडा किंवा क्लबचा बर्जी ओवायचा नाही. आणि ही माळ नांगरावर किंवा धक्क्यावर असतानाच. शीड चढवून निघालात की उतरवा.

पिशवी मात्र चांगली असते, हे कबूल. गुंडाळता येणारी, प्रत्येक कप्प्यावर अक्षर. कप्प्यांना जाळी असेल तर उत्तम. रबरी अस्तर असेल तर ओला झेंडा आत कुजतो.

वेळा आणि निगा

बंदरात निशाण सकाळी आठला चढतं आणि सूर्यास्ताला उतरतं. नौदलाची जहाजं आसपास असतील तर त्यांच्याबरोबर चालावं. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर ते १४ फेब्रुवारी सकाळी नऊ, आणि संध्याकाळी सूर्यास्त किंवा रात्री नऊ यातलं जे आधी ते. जुलै २०२२ पासून आपल्याकडे तिरंगा रात्रीही ठेवायला मुभा आहे, पण बोटीवर ती वापरू नका. रात्रीच्या दवाने आणि फडफडीने कापडाचं आयुष्य निम्मं होतं. शर्यत चालू असताना निशाण उतरवलेलं असतं. चढवलंत तर बाकीच्यांना वाटतं तुम्ही शर्यत सोडली.

दर आठवड्याला गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. मिठाचे कण दुमडीत राहिले की तेच दोरा कापतात. फडफडतं टोक विरलं की बरेच जण ते कापून पुन्हा दुमडतात. बर्जीला चालेल. निशाणाचं आणि तिरंग्याचं प्रमाण बिघडतं, तिथे नवाच घ्या. खराब झालेला तिरंगा संहितेप्रमाणे एकांतात, पूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करायचा असतो. पॉलिएस्टर जळताना वितळून ठिबकतं आणि धूर वाईट असतो, म्हणून आडोशाला पण मोकळ्या हवेत, पत्र्याच्या डब्यात. डेकवर मुळीच नाही.

आमचा कौल

छापील संच क्लबमधल्या मुलांना कोड फ्लॅग शिकवायला ठीक, बोटीसाठी नको. खादी किनाऱ्यावर. बोटीला शिवलेले सुटे झेंडे. भारतीय लाल निशाण बहुतेक ठिकाणी तयार मिळत नाही, शिवूनच घ्यावं लागतं. सांगताना कागदावर एवढं लिहून द्या: ९०×६० सेंमी, विणलेलं पॉलिएस्टर, १५५ ग्रॅम, तिरंग्याचा चतकोर ४५×३०, पट्टे शिवलेले, चक्र दोन्ही बाजूंना, ९० मिमी, आरे २४, फडफडत्या टोकाला चार ओळी शिलाई, कोपऱ्यांत ठिगळ, नळीत ६ मिमी दोरी, दोन्ही टोकांना टाचलेली, वर खाचेचा टॉगल, खाली ३० सेंमी शेपूट. शिंपी आगाऊ पैसे मागेल. अर्धे द्या, आणि उरलेले ओल्या रुमालाची परीक्षा झाल्यावर.